कातरा, चिकटवा, आभार माना

अमेरिकेत ऑक्टोबर उजाडला की ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरात टॉयलेट पेपरची रिकामी नळी फेकायला बंदी येते. अंड्यांचा पुठ्ठा, दह्याचा डबा, बुटांचं खोकं, सगळ्यांना अचानक भवितव्य प्राप्त होतं. नळीचा टर्की व्हायचा असतो, अंड्यांच्या पुठ्ठ्यातून भोपळ्यांची रांग निघायची असते आणि बुटांच्या खोक्यात अख्खं जंगल वसायचं असतं. आम्ही दोघं न्यू जर्सीला मुलीकडे आलो की मला पहिली ताकीद हीच मिळते, "बाबा, काहीही टाकायच्या आधी विचारा." माझी हयात सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. भंगारातलं काहीही टाकायच्या आधी विचारायचं असतं हे मला कोणी शिकवायला नको. फक्त तिथे वरिष्ठांचं वय पाच आणि तीन नसायचं.

पाचाची नात किंडरगार्टनमध्ये जाते आणि तिनाचा नातू डेकेअरमध्ये. दोघांच्या दप्तरातून रोज चिठ्ठ्या येतात. या मोसमात करायच्या सोप्या हस्तकला, असं त्यांवर लिहिलेलं असतं. खाली दोन आश्वासनं ठरलेली: पंधरा मिनिटांत होईल, आणि घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंतून होईल. पहिल्या आश्वासनाबद्दल एवढंच सांगतो की आमच्या खात्यात काम अंदाजपत्रकाच्या इतकं बाहेर गेलं असतं, तर चौकशी लागली असती. दुसऱ्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं.

घरात सहज सापडणाऱ्या वस्तू म्हणजे काय? तर कापसाचे रंगीत गोळे, चमकी, जाड रंगीत कागद, आतलं बुबुळ डुगडुगणारे प्लास्टिकचे डोळे आणि पाइप क्लीनर. आमच्या नागपूरच्या घरात यांतली एकही वस्तू सहज काय, छापा घातला तरी सापडली नसती. इथे मात्र त्यांचं वेगळं कपाट आहे. पाइप क्लीनर म्हणजे केसाळ तार. तंबाखूचा पाइप ओढणारे लोक पाइपची नळी साफ करायला ती वापरत. ओढणारे गेले, पाइप गेले, पण तार बालवाडीत नोकरीला लागली आणि आता टर्कीचे पाय म्हणून उभी असते. प्ले-डोची कथा तर याहून सरस. मुलं मळतात तो रंगीत गोळा मुळात भिंतीच्या कागदावरची काजळी पुसायला बनवला होता. घरं उबदार ठेवायला कोळसा जाळणं कमी झालं, तशी काजळी कमी झाली आणि धंदा बसायला आला. मग एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांच्या हाती दिला, आणि १९५६ साली तो खेळणं म्हणून बाजारात आला. भिंत स्वच्छ करण्याचं साधन मुलांना दिल्यावर भिंतींचं काय होतं, ते मी रोज पाहतो.

त्या डुगडुगत्या डोळ्यांची मला सुरुवातीला भीतीच वाटे. नातवाला ते फार प्रिय. संधी मिळाली की तो ते कशालाही चिकटवतो. फ्रिज बघतो, माझ्या चष्म्याचं घर बघतं, हिच्या औषधांच्या डबीतून चार-पाच जण बघतात. त्यात दिवाळी नेमकी याच मोसमात येते, त्यामुळे मराठी घरांवर दुहेरी बोजा. एका टेबलावर आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कातरल्या जातात आणि त्याच टेबलावर टर्कीची पिसं. यंदाच्या आमच्या आकाशकंदिलाला दोन डोळे आहेत. दारात आलेल्या प्रत्येक पाहुण्याकडे तो रोखून बघत होता. फराळ जरा कमी संपला.

कच्च्या मालात फुकट मिळणारी एकच गोष्ट, ती म्हणजे झाडाची पानं. इथली पानगळ बघताना माझ्यासारखा रुक्ष माणूसही गप्प होतो. मेपल लाल, गिंको पिवळाधमक, ओक तपकिरी. नातीला शाळेत कारणही शिकवलंय, आणि ते तिने मला बाकावर बसवून समजावलं. थंडी पडायला लागली, दिवस लहान झाले की झाड पानातलं हिरवं द्रव्य मोडीत काढतं. पिवळा रंग तेव्हा नव्याने येत नाही, तो पहिल्यापासून आतच असतो. सरकारी विश्रामगृहाची भिंत खरवडली की हिरव्या डिस्टेंपरखालून जुना पिवळा रंग निघावा, तसा तो दिसायला लागतो. लाल रंग मात्र पान त्या दिवसांत मुद्दाम तयार करतं. झडायच्या बेतात आलेलं पान जाता जाता नवीन रंगकाम काढतं, हे ऐकून मला खात्यातला मार्च महिना आठवला.

पानं गोळा करायला सगळं घर निघतं. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून सोनं म्हणणाऱ्या माणसांना इथे रस्त्यावर अक्षरशः सोनं पडलेलं दिसतं आणि गावाची गाडी येऊन ते उचलून नेते. हिला ते बघवत नाही. ही पिशवी भरते. नातू फक्त फाटकी पानं घेतो, कारण चांगली सगळेच घेतात. नात लालभडक, चकचकीत, एका देठाला तीन अशी पानं हेरते आणि धावत सुटते, आणि मुलगी तिच्याहून जोरात ओरडते. ती पॉयझन आयव्ही असते. तिला हात लागला तर पुढचे कित्येक दिवस अंग खाजवत बसावं लागतं. सोप्या हस्तकलेच्या चिठ्ठीत 'परिसरातील सुंदर पाने गोळा करा' एवढंच असतं. परिसराने त्यावर सही केलेली नसते.

घरी आल्यावर पानांचे दोन प्रयोग होतात. पहिला ठशाचा. पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरा वर येतात. त्यावर पातळ कागद ठेवायचा आणि वेष्टन काढलेला मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. कागदावर एकेक शीर उमटत जाते. खरंच सुंदर दिसतं ते. क्रेयोलाने १९०३ साली खडूंची पहिली पेटी काढली, तेव्हा पाच सेंटला आठ रंग मिळत. आमच्या घरातल्या पेटीत किती रंग आहेत ते मोजायला बसलं तर जेवायची वेळ टळेल, पण नातू फक्त जांभळा वापरतो. मेपल जांभळा, ओक जांभळा, टेबलही थोडं जांभळं. दुसरा प्रयोग मेणकागदाचा. दोन मेणकागदांमध्ये पानं ठेवायची, वर फडकं टाकायचं आणि कोमट इस्त्री फिरवायची. मेण वितळून पान आत बंद होतं आणि खिडकीला लावलं की ऊन त्यातून गाळून येतं. या घरातली इस्त्री वर्षातून तेवढ्याच कामाला बाहेर निघते. जावईबापू चुरगळलेल्या शर्टात ऑफिसची मीटिंग करतात आणि मागे खिडकीत कडक इस्त्रीचा ओक लटकतो.

पाइनच्या सुक्या फळाचा पक्ष्यांसाठी खाऊ करायचा, हीसुद्धा एक लोकप्रिय हस्तकला. मूळ कृतीत त्या खवल्यांमध्ये शेंगदाण्याचं लोणी भरून वर दाणे चिकटवायचे असतात. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात, म्हणून बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला मज्जाव. त्याजागी वनस्पती तूप चालतं. आम्ही ते फळ झाडाला टांगलं. पक्षी आले की नाही माहीत नाही, खार मात्र आली, तिने दोरी कुरतडली आणि फळ घेऊन गेली. ही खिडकीतून बघत होती. "पितरांच्या पानाला कावळा बोलावून बोलावून घसा सुकतो," ती म्हणाली, "आणि हिला निमंत्रणसुद्धा लागत नाही."

हे सगळं झालं तयारीचं. नोव्हेंबर लागला की मुख्य नायक येतो, टर्की. त्याची सर्वमान्य कृती अशी: मुलाच्या तळव्याला तपकिरी रंग फासायचा, बोटांना लाल, पिवळा, केशरी, आणि पंजा कागदावर एकदाच दाबायचा. अंगठा म्हणजे डोकं, चार बोटं म्हणजे फुललेला पिसारा. डोळा, चोच आणि गळ्याखालचं लाल लोंबतं कातडं नंतर काढायचं. पाच वर्षांची मुलगी हे छान करते. तीन वर्षांच्या मुलाला रंगाने गुदगुल्या होतात आणि नेमक्या क्षणी तो मूठ मिटतो. कागदावर जे उमटतं त्याला टर्की म्हणायला मोठं मन लागतं. पण मुलगी त्याच्यावरही तारीख घालते आणि फायलीत लावते. दरवर्षीचा पंजा तिथे आहे. आमच्याकडे मोजमाप पुस्तक असायचं, त्यापेक्षा ही नोंद जास्त विश्वासार्ह, कारण इथे मोजलेली गोष्ट खरोखर वाढलेली असते.

आता या टर्कीचा आणि थँक्सगिव्हिंग या सणाचा संबंध काय, म्हणून मी जरा कागदपत्रं तपासली. खात्याची सवय. मूळ जेवण १६२१ सालचं, प्लिमथचं. आदल्या वर्षी मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले होते, त्यांतले निम्मे पहिल्या हिवाळ्यात गेले. उरलेल्यांचं पहिलं पीक निघालं तेव्हा तीन दिवस मेजवानी झाली. तिचा उल्लेख एडवर्ड विन्स्लो नावाच्या गृहस्थाच्या पत्रात आहे, आणि तो मोजक्या ओळींचा. त्यावरून कळतं ते असं: तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याबरोबर आलेले पाहुणे नव्वद, आणि पाच हरणं आणली ती पाहुण्यांनी. यजमान होते पन्नासेक. रांधायला वसाहतीत मोठ्या बायका उरल्या होत्या चार. हे वाचून हिला मेजवानीपेक्षा त्या चौघींची काळजी लागली. पत्रात पक्ष्यांची शिकार केल्याचं आहे, टर्कीचं नाव नाही. बटाटा तर तिथे नव्हताच.

मग मधली दोनेकशे वर्षं सण कोणी कधी, कोणी कधी करत होतं. तो देशभर एकाच दिवशी व्हावा म्हणून एका बाईने पाठपुरावा केला. सारा जोसेफा हेल. त्या एका गाजलेल्या मासिकाच्या संपादक होत्या. राज्यपालांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत त्यांनी सुमारे सतरा वर्षं हे प्रकरण लावून धरलं, आणि अखेर १८६३ साली, ऐन यादवी युद्धात, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. सतरा वर्षं एकाच फायलीमागे राहणारी व्यक्ती मी आजवर फक्त पेन्शनच्या रांगेत पाहिली होती. आणि गंमत म्हणजे आपल्याकडच्या प्रत्येक कॉन्व्हेंटमध्ये पोरं जी मेरीच्या कोकराची कविता घोकतात, ती याच बाईंची. नातीने ती मला म्हणून दाखवली आणि वर विचारलं, "आबा, तुम्हाला येते?" भारतातून आलेल्या माणसाला हा प्रश्न अपमानकारक आहे.

पुढे १९३९ साली दुकानदारांनी तक्रार केली की शेवटचा गुरुवार तीस तारखेला येतोय, मग नाताळच्या खरेदीला दिवस उरत नाहीत. रूझवेल्टने सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, आणि टेक्ससने दोन्ही गुरुवार साजरे केले. शेवटी १९४१ साली कायदा झाला आणि चौथा गुरुवार कायम झाला. शाळेत मुलं मेफ्लॉवरमधून आलेल्या त्या लोकांची, म्हणजे पिलग्रिमांची, काळ्या कागदाची टोपी करतात आणि तिला पिवळ्या कागदाचं बक्कल लावतात. ते बक्कलही त्या लोकांच्या टोपीला नव्हतं, चित्रकारांनी मागाहून बसवलं. पूर्वी वर्गातल्या निम्म्या मुलांच्या डोक्याला पिसांचे मुकुटही बांधत. ते आता पुष्कळ शाळांनी सोडलंय, आणि बरं केलं. तसले मुकुट वाम्पानोआग लोकांचे नव्हते, शिवाय ज्या सणाच्या आठवणीने त्यांचे वंशज १९७० पासून प्लिमथला जमून दुखवटा पाळतात, त्याच सणाला त्यांचं सोंग आणणं बरं दिसत नाही.

ही सगळी कागदपत्रं बघून मी एका निष्कर्षाला आलो. एका पत्रातल्या चार ओळी घ्या, त्यावर टर्की चिकटवा, टोपीला बक्कल लावा, तारीख एकदा कातरून इकडे, एकदा तिकडे डकवा. थँक्सगिव्हिंग ही मुळात मोठ्यांनी केलेली हस्तकला आहे. मुलं सण साजरा करायला कातरकाम करतात हे चुकीचं आहे असं कोणी म्हणू नये. सण ज्या पद्धतीने तयार झाला, ती पद्धत ती पुढे चालवतात. फरक इतकाच की मुलांनी चिकटवलेलं सुटून येतं.

यंदा नातीच्या वर्गातून जी चिठ्ठी आली, ती टर्कीनेच लिहिलेली होती. मजकूर असा की गुरुवार जवळ आलाय, मला खाणार आहेत, तर कृपया माझं वेषांतर करा. सोबत कागदी टर्कीची बाह्यरेषा. आम्ही वाचून स्तब्ध झालो. मी नागपूरचा. आमच्याकडे पोळ्याला बैल न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पाठीवर झूल टाकतात आणि त्यालाच पुरणपोळी देतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात आणि बोजारा मिळवतात. रीत सरळ आहे: ज्याला सजवायचं, त्याला जेवू घालायचं. इथे ज्याला सजवायचं तो स्वतःच जेवण आहे, आणि सजावट ही त्याची फरार होण्याची योजना. राष्ट्राध्यक्ष तरी एखाद-दुसऱ्या टर्कीला दरवर्षी रीतसर माफी देतात. थोरल्या बुशने १९८९ साली सुरू केलेली ही प्रथा पुढच्या सगळ्यांनी चालवली. बाकीच्या टर्कींची बाजू पाच वर्षांच्या मुलांकडे सोपवलेली.

वेषांतराची बैठक रात्री जेवणानंतर झाली. नातीचं म्हणणं, टर्कीला कचरागाडीचा ड्रायव्हर करावं, म्हणजे तो लवकर पळून जाईल. योजना उत्तम होती, म्हणून कोणी ऐकली नाही. मुलीला काहीतरी आपल्या संस्कृतीतलं हवं होतं. हिने लगेच पैठणीच्या ब्लाउजपीसचा तुकडा काढला आणि टर्कीला नऊवारी नेसवायला घेतली. जावईबापूंनी गरम गोंदाची बंदूक आणली, पिसाऱ्याला मागून आधार दिला, आणि भार नीट पेलला जातोय ना म्हणून मला विचारलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणी माझं तांत्रिक मत मागितलं होतं, मी नकाशा काढून दिला. नथीला खरे मोती लागले. चोचीखालचं लाल लोंबतं कातडं नथीला इतकं शोभलं की ही बराच वेळ बघत राहिली. मध्यरात्रीच्या सुमारास कोणाला तरी आठवलं की ज्या मुलीचा हा गृहपाठ आहे, ती केव्हाच झोपली.

वर्गात प्रदर्शन होतं. अंतराळवीर टर्की, फुटबॉलपटू टर्की, बर्फाच्या राजकन्येच्या वेषातली टर्की, पिझ्झा पोचवणारा टर्की. एकीच्या वडिलांनी आत दिवा बसवला होता. प्रत्येक कलाकृतीजवळ आईबाप ताठ उभे होते आणि मुलं दुसऱ्या टोकाला बिस्किटं खात होती. आमच्या नऊवारीवालीची पुष्कळ तारीफ झाली. सगळ्यांनी विचारलं, ही कोण? नातीने सांगितलं, "ही आजी, पण मला हिला ड्रायव्हर करायचं होतं."

कोपऱ्यात एक कागद होता. त्यावर टर्कीची बाह्यरेषासुद्धा दिसत नव्हती. कोणीतरी काळ्या खडूने अख्खा कागद गच्च भरून टाकला होता आणि खाली बाईंच्या अक्षरात मुलाने सांगितलेलं लिहिलं होतं: 'रात्र झाली आहे. तो कोणाला दिसत नाही.' त्या सबंध खोलीत एकच टर्की वाचण्याची शक्यता होती, ती तो. आणि एकच मूल असं होतं, ज्याच्या घरची माणसं आदल्या रात्री वेळेवर झोपली होती.

आभार मानण्याचा भाग अर्थातच राहिला. त्यासाठी आभाराचं झाड करतात. बाटलीत खडे भरून सुकी फांदी उभी करायची, कागदाची पानं कातरायची आणि प्रत्येकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहून टांगायचं. आपल्याकडे ही कला वेगळ्या जागी वाढली. आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा शेवटचा आयटम असतो. ते सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात आणि मंडपवाला खुर्च्या घडी करायला घेतो. माईकवर एकटा कार्यवाह विद्युतव्यवस्थेचे आभार मानत राहतो. घरात तर कोणी कोणाचे आभार मानतच नाही. पोळी वाढल्यावर मी हिला थँक्यू म्हणालो, तर ही विचारते, "बरं वाटत नाहीये का?"

मुलांना असला संकोच नसतो. नातवाने सांगितलेलं मुलीने पानांवर लिहिलं: पास्ता, कचरागाडी, चालताना दिवे लागणारे बूट, आणि आबांचे दात, कारण ते बाहेर येतात. नातीने लिहिलं: आई, बाबा, इंद्रधनुष्य, आणि भाऊ, पण फक्त झोपलेला. जावईबापूंनी प्रकृतीबद्दल लिहिलं आणि मुलीने नोकरीबद्दल. हिने बराच विचार केला आणि गुडघ्याच्या गोळीचं नाव लिहिलं. ती यादी वाचताना मला वाटलं, मोठ्यांच्या पानांवर जाऊ नये म्हणून धरून ठेवलेल्या गोष्टी होत्या आणि मुलांच्या पानांवर हाताशी असलेल्या. मी माझ्या पानावर विद्युतव्यवस्था लिहिलं. ते कोणाला कळलं नाही, पण टांगलं.

गुरुवारी गावातली दहा-बारा मराठी कुटुंबं जमली. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणला होता. टर्की कोणीच आणला नाही, म्हणजे वेषांतर सर्वथा यशस्वी झालं म्हणायचं. भोपळ्याचे घारगे होते, मसालेभात होता, आणि कोणीतरी क्रॅनबेरीचं लोणचं घातलं होतं, ते सगळ्यांत आधी संपलं. शुक्रवारी सकाळी मुलगी भिंतीवरचे टर्की उतरवायला लागली, कारण नाताळची चिठ्ठी दप्तरात येऊन पडली होती. मला वाटलं, आता हे सगळे निकाली निघणार. पण नातीने एक पंजा उचलला आणि उलटा धरला. चार बोटं खाली गेली की ते पाय होतात, अंगठा मान होतो, वर दोन शिंगं काढली आणि नाकावर लाल ठिपका दिला की रेनडिअर तयार. एका रात्रीत टर्कीची बदली झाली, आणि तीही बढतीवर, कारण रेनडिअरला इथे कोणी ताटात वाढत नाही. नोकरीत मी अनेक बदल्या पाहिल्या, पण नुसतं डोकं खाली आणि पाय वर करून एवढं भलं झालेला कर्मचारी पहिलाच.